आबांचा हुंकार

"बरं, पुढं?"

समोरचा बोलता बोलता थांबला की आबा एवढंच म्हणायचे आणि कानामागे हात न्यायचे. ऐकू उत्तम यायचं. पण हात नेला की समोरच्याला बोलावंच लागतं, हे ते फौजेत शिकले होते. "चौकीवर गोष्टी चालायच्या," ते सांगत. "सांगनारा मधीच थांबला तर समजायचं, त्याला झोप तरी लागली न्हाईतर खोटं सुचंना झालं."

उंब्रजमध्ये आमची घरं भिंतीला भिंत लागून. मी विश्रामबागेतल्या कॉलेजात शिकवायचो आणि शनिवारी गावी यायचो. माझ्या सगळ्या हकिकती त्या एका प्रश्नापाशी येऊन लंगड्या व्हायच्या. तुम्ही अशा माणसाजवळ कधी बसला असाल, तर आपल्या आयुष्यात पुढं फारसं काही झालेलं नाही, हे तुमच्याही लक्षात आलं असेल.

आमच्याकडच्या एका उमेदवाराची यशस्वी उद्योजक म्हणून ख्याती होती. ती बरीचशी त्यानेच पसरवलेली. तिची सुरुवात आबांच्या रानातली. हायवेच्या कडेचा ऊस मोडून आबांनी त्याला टोमॅटो सॉसच्या कारखान्यासाठी जागा दिली. बदल्यात सुनेला तिथे कायमची नोकरी. मुलगा फौजेत होता. सॉस एक हंगाम निघाला, मग कुलूप लागलं. रानात काँक्रीट राहिलं, किल्ली उमेदवाराकडे राहिली, आणि सून रोज एसटीने कऱ्हाडला दुकानात कामाला जाऊ लागली.

प्रचारात मात्र तो कारखाना दर सभेत नव्याने सुरू व्हायचा. निवडणूक पदवीधरांची, त्यामुळे जिल्ह्यामागून जिल्हे पालथे घालणं चाललं होतं. उंब्रजहून निघालेला सॉस कवठे महांकाळच्या सभेपर्यंत दुबईला पोचला होता. मी स्वतः ऐकलं.

उंब्रजच्या सभेत तो म्हणाला, "ह्याच मातीत मी कारखाना उभा केला." टाळ्या संपल्या, आणि पुढच्या रांगेतून आवाज आला.

"बरं, पुढं?"

"पुढं जनतेनं हाक दिली, आबा."

"त्ये झालं. कारखान्याचं पुढं?"

एक कार्यकर्ता त्यांच्या कानाशी वाकला. "आबा, ही पदवीधरांची निवडणूक. तुमचं मत न्हाई ह्यात."

"मत नसंल. रान माझंच हाय की."

लोक हसले. उमेदवारही हसला. आबा हसले नाहीत. घरी येताना मला म्हणाले, "सर, टाळ्या पडतील तितकंच सांगतोय गडी. मला शेवट पायजे. रान मोकळं करून दीन म्हनून सूनबाईला शब्द दिलाय मी."

उमेदवार निवडून आला. पुढच्या उन्हाळ्यात आबा गेले. रान तसंच होतं.

तो सांत्वनाला आला, फोटोग्राफर घेऊन. आबांच्या रिकाम्या बाजेशेजारी खुर्चीत बसून हळव्या आवाजात म्हणाला, "माझ्यावर पहिला विश्वास आबांनी टाकला. उसाचं रान दिलं. तिथंच माझा पहिला कारखाना सुरू झाला."

आणि सवयीने थांबला. अशा घरी टाळ्या कोण वाजवणार?

सून उंबऱ्यात उभी होती. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि हात तसाच कानामागे ठेवला.

"बरं, पुढं?"

फोटोग्राफरने कॅमेरा खाली घेतला. बसलेल्यांपैकी कुणालाच घाई नव्हती.