आमच्या भाऊजींची खुर्ची

मालक होऊन सुखी झालेली माणसं जगात असतील, पण आमचे भाऊजी, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान, त्यांतले नाहीत. वरठीत स्टेशनच्या रस्त्यावर त्यांचं मोटरसायकलींचं गॅरेज आहे. अर्धं आयुष्य ते तिथे नुसते मिस्त्री होते, आणि तेव्हा त्यांच्याइतका मजेत असलेला माणूस मी पाहिला नव्हता. जेवता जेवता घास हातात धरून थांबायचे आणि रस्त्यावरून कोणाची गाडी गेली, तिची चेन कशी ढिली आहे, हे बहिणीला सांगायचे. बहिणीला त्यात काडीचाही रस नसायचा. कोंढ्याला एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना त्यांना मांडवामागच्या जनरेटरचा आवाज खटकला. अक्षता माझ्या हातात देऊन ते जे गेले, ते नवरानवरी पंगतीला बसली तेव्हा परतले. शर्ट काळा झालेला, आणि चेहऱ्यावरचं समाधान नवरदेवापेक्षा जास्त.

मग त्यांना काम शिकवणारे उस्ताद, म्हणजे गॅरेजचे मूळ मालक, थकले. गॅरेज भाऊजींच्या हवाली करून ते मुलीकडे राहायला गेले आणि जाताना एवढंच म्हणाले, "आता खुर्चीवर बसत जा. मालकानं पाना धरला का मिस्त्रीचा हात बसत नाही."

भाऊजींनी गोल फिरणारी खुर्ची आणली. तिच्यावरचं प्लास्टिक बरेच दिवस निघालं नाही, कारण तिच्यावर कोणी बसतच नव्हतं. कारखान्याची पाळी सुटली की गाड्यांची रांग लागे, म्हणून त्यांनी एक मिस्त्री ठेवला. त्याने दुरुस्त केलेली गाडी भाऊजी ट्रायलला म्हणून रेल्वे फाटकापर्यंत नेत आणि परत आणून त्याच्यादेखत तेच बोल्ट खोलून पुन्हा कसत. तो एकदा जेवायला म्हणून गेला तो आलाच नाही. दुसरा आसगावचा, कामाला चोख आणि डोक्याने गरम. त्याने मात्र सांगून काम सोडलं. पाना खुर्चीवर ठेवून म्हणाला, "मालक, बोल्ट तुमालेच कसाचे आहेत, तं मले काहून ठेवलं?"

तिसरा मिळणार नव्हता. भाऊजींची कीर्ती तोवर पवनीपर्यंत पोचली होती. एकट्याने करायचं तर गुडघे साथ देईनात, आणि रांगेतली गिऱ्हाइकं पुढच्या गॅरेजकडे वळू लागली. उस्तादांचं गॅरेज आपल्या हातून बंद पडतं की काय, या धास्तीने भाऊजींनी एका सकाळी स्वतःची जुनी मोटरसायकल काढली आणि मला मागे बसवून आसगाव गाठलं. त्या गाडीला त्यांच्याशिवाय कोणी हात लावलेला नव्हता. बहिणीला ती पुसायचीही मुभा नव्हती. गाडी त्या गरम डोक्याच्या मिस्त्रीच्या अंगणात उभी करून ते त्याला म्हणाले, "इंजिन खोल. मी पाह्यत नाही." आणि खरोखरच पाठ करून दुपारपर्यंत बसून राहिले. पाना वाजला की त्यांचे खांदे हलायचे, मान मात्र वळली नाही. गाडी जोडून झाल्यावर त्यांनी ट्रायलसुद्धा घेतली नाही, सरळ घराकडे निघाले. दुसऱ्या दिवशी मिस्त्री कामावर हजर झाला.

आता गॅरेज छान चालतं. भाऊजी खुर्चीवर बसतात आणि त्यांचे हात पाहुण्यासारखे स्वच्छ असतात. मला ते पाहून वाईट वाटतं. रविवारी ते माझ्याकडे चहाला येतात तेव्हा पिशवीत पाने असतात. चहा संपला की भलतीकडेच बघत विचारतात, "तुया गाडीतून काही आवाज येऊन राहिला का?"

गाडी नवी आहे. कसलाही आवाज नाही.

"येऊन राहिला ना, भाऊजी," मी म्हणतो, आणि अंगणात पोतं अंथरायला उठतो.