डोंगरावरच्या कॉलेजाशी मॅच होणारच

शरयूताई देवस्थळींची आणि माझी पहिली भेट झाली ती माझ्या इंटरव्ह्यूच्या आदल्या दिवशी. पेनसिल्व्हेनियातल्या एका छोट्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची जागा होती. ताई तिथे संख्याशास्त्र शिकवत. नागपूरची कुणी मुलगी येते आहे एवढं कळल्यावर त्या स्वतः बसस्टॉपवर आल्या, आणि घरी न नेता मला थेट मुलींच्या हॉकीच्या मैदानावर घेऊन गेल्या. बोचरा वारा, माझ्या अंगात पातळ जॅकेट. मी चाचरत म्हटलं, "ताई, उद्याची थोडी तयारी करायची होती." त्या म्हणाल्या, "इंटरव्ह्यू उद्या आहे ना? मग आज मॅच बघ. इथे राहायचं तर हे कळलं पाहिजे."

ताईंच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथासाठी इथल्या मराठी मंडळाने मला लिहायला सांगितलं, आणि सोबत एक सूचनाही केली. "निवृत्त होऊन वेस्ट विंडसरला आल्यावर त्यांनी मराठी शाळा किती छान चालवली, ते लिहा हो. ते कॉन्फरन्सचं भांडण नको. आपल्या लोकांना काय कळणार त्यातलं?" का नाही कळणार? सगळे इंजिनियर, डॉक्टर, आणि एवढं कळणार नाही? बाईंनी अर्धं आयुष्य ज्यात घातलं, तेच गाळून त्यांचा गौरव करायचा, ही कुठली रीत? मी तेच लिहिणार आहे.

तर कॉन्फरन्स म्हणजे चर्चासत्र नव्हे. आसपासची छोटी कॉलेजं एकत्र येऊन आपसात सामने खेळतात, त्या गटाला इथे कॉन्फरन्स म्हणतात. आमच्या कॉन्फरन्समधलं कुठलंही कॉलेज बसने सकाळी निघून संध्याकाळी परतण्याच्या अंतरावर होतं. मुली शिकायला आलेल्या, आणि हौसेने खेळणाऱ्या. ताई स्वतः पुण्यात विद्यापीठाकडून हॉकी खेळलेल्या. त्यामुळे कॉलेजने त्यांना कॉन्फरन्सवर प्राध्यापकांच्या प्रतिनिधी म्हणून पाठवलं, तेव्हा इतरांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि ताईंनी पदर खोचला. वेळापत्रक त्याच लावत. कुणाची परीक्षा कधी, कुठल्या घाटात बर्फ लवकर पडतो, हे सगळं त्यांच्या डोक्यात असे.

आमच्या कॉन्फरन्समध्ये एक पद्धत होती. मॅच संपली की यजमानांनी पाहुण्या टीमला गरम जेवू घालायचं, आणि पाहुण्यांची पानं वाढून होईपर्यंत आपण हात लावायचा नाही. आमच्याकडे ताईंचा मसालेभात असे. आमच्या मुली हरल्या आणि तोंड पाडून बसल्या, तर ताई त्यांच्या हातात डाव देत. "रडायचं असेल तर वाढता वाढता रडा. पाहुणी टीम उपाशी बसमध्ये चढली, तर लाज आपली जाईल." एकदा डोंगरावरच्या कॉलेजाची टीम बर्फामुळे अडकली. हे कॉन्फरन्समधलं सगळ्यात छोटं कॉलेज. ताईंनी ती अख्खी टीम स्वतःच्या घरी मुक्कामाला नेली. त्यांची मुलगी मीरा तेव्हा शाळेत होती. सकाळी ती किंचाळली, "आई, दे आर फिनिशिंग ऑल द थालीपीठ!" ताईंनी तिलाच पुन्हा पीठ भिजवायला बसवलं.

पुढे कॉन्फरन्सला गळती लागली. एक कॉलेज बंद पडलं, एक मोठ्या विद्यापीठात विलीन झालं. त्यांचं वाईट वाटलं, पण राग आला नाही. राग आला तो धडधाकट कॉलेजांचा. 'अधिक नामांकित' कॉलेजांच्या पंक्तीला बसायचं म्हणून ती एकामागून एक उठून गेली. जाताना निरोपाचं जेवण जेवली, भाषणं ठोकली. त्यांच्या जागी दूरदूरची कॉलेजं आणून खोगीरभरती झाली, आणि तीही टिकली नाहीत. सभासद ठराविक संख्येच्या खाली गेले, की कॉन्फरन्सच्या विजेत्या टीमला राष्ट्रीय स्पर्धेत थेट प्रवेश मिळत नाही. मग उरलेल्यांनाही पळायला निमित्त होतं.

आणि एक दिवस आमच्याच कॉलेजने तोच घाट घातला. ताई आमच्या प्रतिनिधी, आणि बैठकीपर्यंत त्यांना पत्ताच नाही! विश्वस्तांच्या बैठकीत अध्यक्ष 'प्रेस्टिज, प्रेस्टिज' करत होते. कसलं डोंबलाचं प्रेस्टिज? मंगळवारची मॅच इतक्या लांब जाऊन खेळायला मुलींनी बुधवारचे वर्ग बुडवायचे, हे प्रेस्टिज? ताई उभ्या राहिल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "ठरावाला मत देण्याआधी प्रत्येकाने नव्या कॉन्फरन्समधल्या सगळ्यात लांबच्या कॉलेजात बसने जाऊन यावं. विमानाने नाही, बसने." सगळे हसले. मी ताईंच्या शेजारी बसले होते. ते हसणं आठवलं की अजून माझ्या अंगाचा तिळपापड होतो. एकही विश्वस्त बसमध्ये बसला नाही, आणि ठराव मंजूर झाला.

तरी ताईंनी त्याच बैठकीत अध्यक्षांकडून शब्द घेतलाच. कॉन्फरन्स सोडली तरी आमची टीम दरवर्षी एक मॅच डोंगरावरच्या कॉलेजाशी खेळेल. त्या कॉलेजाला पुरेसे सामने मिळाले नाहीत, तर तिथे मुलींची हॉकी टीमच बंद करणार होते. ताई निवृत्त झाल्यावर प्रतिनिधीपद माझ्याकडे आलं, आणि हा शब्द राखण्याचं कामही.

या वर्षी कॉलेजात नवे क्रीडासंचालक आले. त्यांनी ती मॅच परस्पर कॅन्सल केली. का, तर कमकुवत टीमशी खेळून आमचं नाव होत नाही! मी भांडले, ओरडले, काही उपयोग झाला नाही. शेवटी ताईंना फोन केला. दुसऱ्या दिवशी ताई गुडघ्याला पट्टा बांधून ड्राइव्ह करत आल्या आणि संचालकांच्या ऑफिसात खुर्ची ओढून बसल्या. ते म्हणाले, आता फार बिझी आहे. ताई म्हणाल्या, "तुम्ही तुमचं काम करा. मी रिटायर्ड आहे, मला काही घाई नाही." दुपार झाली. ताईंनी डबा उघडला आणि अर्धी पोळीभाजी त्यांच्यापुढे सरकवली. मग विचारलं, "त्या मुलींची टीम बंद पडली, तर ते त्यांना सांगायला तुम्ही स्वतः जाणार, की ईमेल करणार?" संचालकांनी डब्याकडे बघितलं, ताईंकडे बघितलं, आणि डोंगरावरच्या कोचला फोन लावला.

मॅच पुन्हा ठरली, पण नेमकी मंडळाने ठरवलेल्या ताईंच्या सत्काराच्या शनिवारी. चिटणीसांचा मला फोन आला, "अहो, ताई येणार नाही म्हणतात. हॉल बुक झालाय. तुम्ही समजवा ना!" मी साफ नकार दिला. म्हटलं, सत्कार हलवा, मॅच हलणार नाही. म्हणून हा समारंभ रविवारी होतो आहे. ज्यांची गैरसोय झाली त्यांनी मला बोल लावावा, ताईंना नाही.

ताई, तुम्हाला उदंड आयुष्य लाभो, आणि त्याहून आधी धडके गुडघे लाभोत. हे रविवारी तुमच्या हातात पडेल तेव्हा मॅच कालची झालेली असेल; लिहिताना तिचा निकाल मला ठाऊक नाही, आणि मला त्याची फिकीरही नाही. डोंगरावरच्या मुली मैदानात उतरल्या असतील, एवढं पुरे आहे. पण पुढच्या वर्षी हे लोक पुन्हा ती मॅच कॅन्सल करायला बघतील, आणि मी एकटी त्यांना पुरी पडणार नाही. तेव्हा आजारपण, थकवा असली थेरं आम्ही खपवून घेणार नाही. तुम्ही यायचंच आहे.