काडतुसांची षोडशोपचार पूजा

श्रीगजाननाला व कुलस्वामिनीला वंदन करून, एका खंडेनवमीला माझ्या हातून जी शस्त्रपूजा घडली तिची हकीकत यथामती निवेदन करतो. ती वाचून कोणास हसू आले तर त्याने संकोच करू नये. ज्यांना त्या वेळी हसता आले नाही, तेही आता हसतात.

मी आयुष्यात एकही जनावर मारलेले नाही. इतकेच नव्हे, तर एका वर्षी माझ्यामुळे आठ बंदूकधारी गृहस्थांनाही आठ दिवसांत एकही जनावर मारता आले नाही.

माझे धाकटे मेहुणे दामोदर यांचे सांगलीच्या पेठेत शिकारीच्या साहित्याचे दुकान होते. तंबू, घडीच्या खाटा, कंदील, पाण्याच्या कॅनव्हासच्या पिशव्या, बूट, दुर्बिणी. रानात गेलेल्या माणसाला घरी असल्यासारखे वाटावे, असे सर्व काही तेथे मिळे. (घरी असल्यासारखे वाटायचे असेल तर रानात जावेच कशाला, अशी शंका मी एकदा विचारली होती. दामूने त्यावर चहा मागवला.)

या धंद्यावर दामूच्या सासऱ्यांचा काडीचा विश्वास नव्हता. ते हळदीचे अडत्ये. त्यांनी स्पष्ट बजावले होते, "जावईबापू, एक हंगाम बघतो. जमलं तर आनंद आहे. नाही जमलं तर दिवाळीपासून माझ्या वखारीत येऊन बसायचं!" दामूला त्या वखारीचे नाव काढले तरी शिंका येत.

आणि त्याच वर्षी योग जुळून आला. महायुद्ध चालू होते, मुंबईहून माल येणे बंद झाले होते, म्हणून जहागीरदार आबासाहेबांनी आपल्या शिकारीच्या मोहिमेची सर्व सिद्धता दामूवर सोपवली. दसरा होताच पाटणच्या बाजूच्या रानात आठ दिवसांचा मुक्काम, सोबत सात पाहुणे. मोहीम पार पडली तर दरवर्षीचे काम पक्के, आणि आबासाहेबांचे पाहून इतर सरदार मंडळीही येणार. फसली, तर वखार!

श्रावणापासून दामूला दुसरा विषय नव्हता. भिंतीवर याद्या, उशाखाली याद्या. जेवताना आमटी हवी असता तो "खुंट्या वाढ" म्हणे, आणि त्याची बायको बिचारी आमटी वाढी. सर्वांत कठीण होती ती काडतुसे. ती परवान्यावर मिळत, आणि तो परवाना मिळवण्यासाठी दामूने कचेरीत इतक्या खेपा घातल्या की तिथला शिपाई त्याला घरच्या कार्याची निमंत्रणे देऊ लागला. अखेर लाल कागदी नळीची आणि पितळी बुडाची काडतुसे दुकानात आली, तेव्हा दामूने पेढे वाटले.

मी साताऱ्यास पाठशाळेत शिकवीत असे. नवरात्रात सहकुटुंब सांगलीस गेलो होतो. खंडेनवमीच्या सकाळी दामू घाईघाईने कोट चढवीत म्हणाला, "भाऊजी, तंबू मिरजेच्या स्टेशनावर अडकलेत. मी जातो, आज परत येणं होतंय की नाही कोण जाणे. आबासाहेबांच्या बंदुकाही साफसफाईसाठी दुकानात आल्यात. शस्त्रपूजा तुम्ही करा. यथासांग करा हं! काही कमी राहायला नको."

हे वाक्य त्याने माझ्याऐवजी दुसऱ्या कोणाला सांगितले असते, तर पुढील अनर्थ टळला असता. इतर लोक दोन फुले वाहतात, हळदकुंकू लावतात आणि उठतात. मी पडलो शास्त्राभ्यासी. सोळा उपचार म्हणजे सोळा, पंधरा नव्हेत.

दुकानाच्या मध्यभागी पाट मांडले. बंदुका लोखंडाच्या, त्यांना गंज चढेल एवढे मला समजत होते, म्हणून त्यांच्यावर फुलाने केवळ प्रोक्षण केले. दुर्बिणीच्या दोन्ही डोळ्यांना कुंकू लावले. हाकाऱ्यांसाठी आणलेल्या शिट्टीवर अक्षता वाहिल्या. बुटांची पूजा करावी की काय, याविषयी मी बराच वेळ विचारात होतो. शेवटी त्यांच्या वतीने एक सुपारी मांडली. मग काडतुसे ताम्हनात ओतली. लाल, गुळगुळीत, एकसारखी. मला तर ती नर्मदेतल्या बाणलिंगांसारखीच भासली!

"अहो," दारातून आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "पंचामृत कशाला कालवलंत?"

"स्नानाला."

"कोणाच्या?"

मी ताम्हनाकडे बोट दाखवले.

"अहो, तो कागद दिसतोय!"

"पोथीही कागदाचीच असते. तिची आपण पूजा करीत नाही काय?"

"पोथीला कधी दही चोळलंत का?"

प्रश्न सयुक्तिक होता, हे आज मान्य करतो. त्या वेळी मात्र मी "देवाब्राह्मणांच्या कामात मध्ये बोलू नये" असे म्हणून दूध ओतले. मग दही, तूप, मध आणि साखर. प्रत्येक उपचाराला स्वतंत्र मंत्र. तुपाचा ओशटपणा जाईना म्हणून वर उष्णोदकही घातले. नंतर प्रत्येक काडतूस धोतराच्या धुवट पानाने टिपून त्याला गंध लावले. निरांजन ओवाळू लागलो, तेव्हा सौभाग्यवती भिंतीला टेकून किंचाळल्या, "अहो, त्यात दारू असते!" (काडतुसे चिंब भिजली होती म्हणूनच ही आठवण लिहायला मी उरलो आहे, असे पुढे एका जाणत्याने सांगितले.)

सावलीत सुकवून मी ती पुन्हा खोक्यांत रचली. किंचित पुष्ट झाल्यासारखी वाटली. पूजेने तेज चढले असावे, असे मी समजलो.

दसऱ्याच्या सकाळी दामू तंबू घेऊन परतला. गंधाक्षता लावलेली खोकी पाहून त्याने मला वाकून नमस्कार केला. "भाऊजी, तुम्ही होतात म्हणून!" तो म्हणाला.

हेच शब्द त्याने चार दिवसांनी पुन्हा उच्चारले, पण स्वर वेगळा होता.

मला साताऱ्यास परतायचे होते. सामानाची मोटार कराडवरून जाणार, तेव्हा मी तीतच बसलो. कराडला आबासाहेबांची गाठ पडली. गृहस्थ श्रद्धाळू. म्हणाले, "शास्त्रीबुवा, आयते भेटलात. रानात शिरण्याआधी वनदेवतेची पूजा सांगा, मग आमचा माणूस तुम्हाला साताऱ्यास पोहोचवील." पूजा म्हटल्यावर मी नाही म्हणणे शक्यच नव्हते.

मुक्कामाची व्यवस्था पाहून पाहुणे थक्क झाले. तंबू ताठ, खाटा मऊ, कंदील झगझगीत. दामू सगळ्यांच्या मागे हात जोडून उभा होता, आणि त्याच्या मुद्रेवर वखार कायमची सुटल्याचा आनंद स्पष्ट दिसत होता. सकाळी वनदेवतेची पूजा झाली. हाका घालायला सगळी माणसे निघाली, तेव्हा मुक्कामावर एकटे बसण्यापेक्षा बरे म्हणून आबासाहेबांनी मला आपल्या मचाणावर घेतले. खाली बुंध्याशी त्यांचा जुना शिकारी बापू. दामू पलीकडच्या झाडावर.

आबासाहेबांनी दुर्बीण डोळ्यांना लावली आणि दचकले. "बापू, रानाला वणवा लागलाय काय रे?"

"न्हाई सरकार. वणवा कुठला आत्ता? लय गारठा हाय."

"मग सगळं लालभडक कसं दिसतंय?"

मी जप सुरू केला. आबासाहेबांनी दुर्बीण ठेवली आणि इशाऱ्याची शिट्टी फुंकली. शिट्टी वाजली नाही. बापूच्या डोक्यावर चार अक्षता पडल्या. त्याने वर पाहिले, मला पाहिले, आणि काही तरी धार्मिक विधी चालू असावा अशा समजुतीने भक्तिभावाने हात जोडले.

तरीही हाका उठला. डबे वाजू लागले, आरोळ्या जवळ येऊ लागल्या, आणि करवंदीच्या जाळीतून एक रानडुक्कर बाहेर आले. केवढे म्हणून सांगू! आमच्या पाठशाळेच्या दारातून ते आडवे करूनच आत घ्यावे लागले असते. आबासाहेबांनी बंदूक उघडली, काडतूस नळीत सरकवले. ते अर्ध्यावर थांबले.

"बापू! काडतूस जाईना!"

"दाबा की सरकार!"

"दाबतोय रे!"

"मग दुसरं घ्या!"

दुसरे घेतले. तेही जाईना. तिसरे, चौथे, एकेक काडतूस श्राद्धाचे जेवून आलेल्या ब्राह्मणासारखे फुगले होते. डुक्कर उभे राहून सारे लक्षपूर्वक पाहत होते. बापू फांदीवर चढला, एक काडतूस हाती घेऊन त्याने नाकाशी नेले आणि डोळे विस्फारले.

"आवं सरकार, ह्येला तुपाचा वास येतूया!"

"तुपाचा?"

"व्हय. आन मधाचाबी! ह्ये काडतूस हाय का करंजी?"

तेवढ्यात आबासाहेब ओरडले. मधासाखरेच्या वासाने काडतुसांच्या पट्ट्यात मुंग्यांनी केव्हाच वस्ती केली होती, आणि आता ती सारी वसाहत सरकारांच्या अंगरख्यात स्थलांतर करीत होती. पलीकडच्या झाडांवरूनही पाहुण्यांचे स्वतःला चापट्या मारण्याचे आवाज येऊ लागले. बापूने चाकूने कागद तासून एक काडतूस कसेबसे नळीत बसवले. आबासाहेबांनी एका हाताने पाठ खाजवीत नेम धरला, चाप ओढला. फुस्स! चार छर्रे झाडाखाली टपटप पडले. डुकराने ते हुंगले, निराश होऊन मान हलवली आणि चालत निघून गेले. पळण्याचीही त्याला गरज वाटली नाही!

सर्व मंडळी मुक्कामावर जमली. आबासाहेब लालबुंद. "दामोदरपंत, ही काडतुसं म्हणायची की थट्टा?"

दामू पांढरा पडला होता. काय घडले ते त्याला कळले नव्हते. मोहीम बुडाली एवढे मात्र कळले होते. तरी तो म्हणाला, "सरकार, माल मी आणला. दोष माझा."

जो माणूस श्रावणापासून एकेक खुंटी मोजत होता, तो माझ्यासाठी नव्हे तर केवळ आपल्या धंद्याच्या अब्रूसाठी मान खाली घालून उभा होता, आणि मी मुद्दाम शालीची घडी नीट करीत बसलो होतो. मी उठलो.

"सरकार, दामूचा काही दोष नाही. त्यांना स्नान मी घातले."

"कोणाला?"

"काडतुसांना."

"कशानं?"

"पंचामृताने. आणि नंतर... उष्णोदकाने."

दामू माझ्याकडे पाहून क्षीण स्वरात म्हणाला, "भाऊजी, तुम्ही होतात म्हणून!" मग बापूला हसू फुटले. त्याने तोंडात मुंडाशाचा शेमला कोंबला, पण ते आवरेना. "सरकार," तो म्हणाला, "आपुन शिकारीला न्हाई, सत्यनारायनाला आलोय!" आणि आबासाहेब खाटेवर बसून असे हसले, की ती घडीची खाट गदगद हलली, पण मोडली नाही. हे त्यांनी स्वतःच लक्षात आणून दिले. "दामोदरपंत, खाट मजबूत आहे हो!"

नवी काडतुसे मिळणे शक्य नव्हते, तरी पाहुणे परत गेले नाहीत. तंबू इतके सुखाचे होते की आठही दिवस मंडळी कोयनेत डुंबली, पत्ते कुटले, आणि जेवून गाढ झोपली. मला मात्र दुसऱ्याच दिवशी साताऱ्यास पोहोचवण्यात आले. पूजेचे साहित्य माझ्यापासून दूर, पुढच्या बाकावर, बापूच्या मांडीवर होते.

पुढल्या भाद्रपदात आबासाहेबांचे पत्र दामूला आले: सर्व सिद्धता आपणच करावी. सासऱ्यांनी वखारीचा विषय पुन्हा काढला नाही. त्याच पत्रात मलाही आदरपूर्वक निमंत्रण होते, की खंडेनवमीस शास्त्रीबुवांनी आमच्याकडे भोजनास यावे. मी गेलो. पंचपक्वान्ने झाली, शालजोडी मिळाली, दिवेलागणीपर्यंत मला कोणी उठू दिले नाही. दरवर्षी निमंत्रण येई, दरवर्षी मी जाई, आणि विद्वत्तेची कदर अजून या जगात शिल्लक आहे, असे पाठशाळेत सर्वांना सांगे. चौथ्या वर्षी सौभाग्यवतींनी दामूकडून ते मूळ पत्र आणून मला पुढचे वाक्यही वाचून दाखवले: "म्हणजे त्या दिवशी ते दुकानात असणार नाहीत."

वाचकहो, तुमच्या घरी लक्ष्मी स्थिर राहो, मुलेबाळे निरामय असोत, आणि तुमची पूजा यथासांग करणारा माझ्यासारखा आप्त तुम्हाला लाभलाच, तर परमेश्वर त्याला सणावाराला दुसरीकडे जेवणाचे आमंत्रण देवो. शुभं भवतु.