साडू सीए बघायला निघाले

आमच्या साडूंइतकं वर बघून जगणारा माणूस अख्ख्या आंबेगाव तालुक्यात सापडायचा नाही. वर म्हणजे देवाकडे नव्हे. देवळात गेले तरी ते गाभाऱ्याच्या आधी सभामंडपाच्या पत्र्याचं दर्शन घेतात. निरगुडसरला राहून त्यांनी उभ्या आयुष्यात कांदाचाळी, गोठे, पोल्ट्र्या आणि ट्रॅक्टरची घरं उभी केली, आणि त्या नादात माणसाच्या तोंडाकडे बघून बोलायची सवयच गमावून बसले. तुम्ही दारात "या, या" म्हणत हात जोडून उभे, आणि हे तुमच्या डोक्यावरचा वासा न्याहाळत आत शिरणार. माझ्या बायकोची थोरली बहीण त्यांना दिलेली. माझ्या लग्नात मी आणि बायको अंतरपाटाच्या दोन बाजूंना हार घेऊन उभे होतो, तेव्हा सगळं वऱ्हाड आमच्याकडे बघत होतं आणि हे गृहस्थ मांडवाचा खांब गदागदा हलवत होते. मंगलाष्टकाच्या ऐन मध्यावर त्यांचा आवाज आला, "आरं, ही कैची कुनी बांधली रं? वारं सुटलं तर नवरानवरी बी जातील वर!" भटजी थांबले, मी घाबरलो, आणि तो मांडववाला आजतागायत साडूंशी बोलत नाही.

त्यांच्या धंद्याची रीतच न्यारी. दुसरे कंत्राटदार कागदावर अंदाजपत्रक देतात, हे गिऱ्हाइकाच्या अंगणात उकिडवे बसून काडीनं मातीत काढतात. खांब किती, छप्पर तोलणाऱ्या कैच्या किती, पन्हळ कुठून, सगळं मातीत. पारगावच्या एका शेतकऱ्याच्या अंगणातलं अंदाजपत्रक रात्रीतून कोंबड्यांनी उकरून टाकलं, तर हे सकाळी जाऊन तेच्या तेच पुन्हा काढून आले. आणि शेड उभं राहिलं की स्वतःचा फोन नंबर रंगवायचा, तोही पत्र्याच्या आतल्या अंगाला, अगदी आढ्यापाशी, जिथे तो फक्त उताण्या पडलेल्या माणसाला किंवा फार विचार करणाऱ्या म्हशीलाच दिसावा. माझ्या मंचरच्या घरापुढे स्कूटरसाठी त्यांनी शेड बांधलं तेव्हा मी म्हणालो, "अहो, बाहेरून लिहा की, रस्त्यावरच्या लोकांना दिसेल. तेवढीच जाहिरात." तर शिडीवरूनच म्हणाले, "रस्त्यावरल्या मानसाला काय करायचाय माझा नंबर? ज्याच्या टाळक्यावर थेंब पडंल तो वर बघंल. त्याला पायजे नंबर."

वादळ झालं की दुसऱ्या दिवशी सकाळी मोटरसायकलला शिडी बांधून निघायचे ते थेट नारायणगावापर्यंत. आपण बांधलेल्या एकेका शेडखाली जाऊन मान वर करून उभं राहायचं. सासरी दिलेल्या लेकींची खुशाली विचारत हिंडावं, तसा हा माणूस पत्र्यांची खुशाली विचारत हिंडायचा. कोणी बोलावलेलं नसायचं, आणि गळतीच्या कामाचा पैसा घ्यायचा नाही हा नेम. ताई, म्हणजे माझी मेव्हणी, कपाळाला हात लावून म्हणायची, "घरातला नळ ठिबकतोय चार महिनं, ते दिसत न्हाई." तर हे शांतपणे म्हणायचे, "नळ खाली हाये."

अशा या माणसाची एकच इच्छा होती. मधे एकही खांब नसलेलं मोठं शेड एकदा तरी बांधायचं. चहाच्या टपरीवर, सुपारीच्या कार्यक्रमात, अगदी दहाव्याच्या घाटावरसुद्धा त्यांनी मला हे सांगितलेलं आहे. "साडूभाऊ, आत गेलं की नुसती जागा! कुटं अडायचं न्हाई, कुटं धडकायचं न्हाई." आणि गेल्या वर्षी खरोखरच तसं काम चालून आलं. पारगावच्या बाजूला काही शेतकऱ्यांनी मिळून कांदा निवडायला आणि भरायला मोठं शेड बांधायचं ठरवलं, आणि साडूंनाच बोलावलं. मातीत अंदाजपत्रक झालं, सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि मग त्यांच्यातला एक चष्मेवाला म्हणाला, "भाऊ, काम तुमचंच. फक्त जीएसटीचं पक्कं बिल लागंल. दसऱ्याच्या आत नंबर काढा, न्हाईतर आमाला दुसरा मानूस बघावा लागंल." साडूंचा चेहरा पडला. जन्मात त्यांनी पक्कं सोडा, कच्चं बिलही केलेलं नव्हतं.

संध्याकाळी ते माझ्याकडे हजर. का, तर मी नोकरदार. माझा कर परस्पर पगारातून कापला जातो, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण साडूंच्या मते ज्याचा कापला जातो त्याला कळलंच पाहिजे. "चला," ते म्हणाले, "सीए बघायला जाऊ." वरसंशोधनाला निघाल्यासारखे इस्त्रीचे कपडे घालून आले होते. माझी बायको म्हणाली, "दाजी, जरा समोरच्याच्या तोंडाकडं बघा हां." "बघतो की," ते आमच्या पंख्याकडे बघत म्हणाले.

पहिलं स्थळ मंचरचंच. काचेचं दार, गारगार हवा, चकचकीत टेबल. सीए साहेब मोठे अदबशीर, आम्हाला पाणी दिलं, धंद्याची चौकशी केली. साडू आढ्याकडे डोळे लावून बसलेले. वर फॉल्स सीलिंग होतं, पांढऱ्या चौकोनी फरश्यांचं. "याच्या वर काय हाये?" साडूंनी विचारलं. "काही नाही, वायरी असतील," साहेब म्हणाले. "मंग झाकलं कशापायी?" साहेब हसले. तेवढ्यात साडूंनी खिशातली पोलादी टेप काढली, सरसर वर सोडली आणि वरच्या चौकोनाला ढोसलं. क्षणभर काहीच झालं नाही. मग वाटीभर माती, उंदराच्या लेंड्या आणि एक धष्टपुष्ट पाल साहेबांच्या टेबलावर उतरली. साहेब खुर्चीवर चढले. साडू मात्र समाधानानं म्हणाले, "बगा, ह्यापायी झाकलं व्हतं!" आम्ही फीविषयी काही न विचारता बाहेर पडलो.

दुसरे नारायणगावचे. त्यांच्याकडे बसायला जागा नाही इतकी गर्दी, म्हणजे माणूस नामांकित. मी साडूंची टेप आधीच माझ्या खिशात घेतली होती. साडूंनी एकच प्रश्न विचारला, "सायेब, माझं काय चुकलं तर तुमी काय करनार?" साहेब आमच्याकडे न बघता मोबाईलमध्ये डोकं घालून बोलले, "चुकणारच नाही. सगळं माझ्यावर सोडा आणि निवांत झोपा." साडू ताडकन उठले. बाहेर येऊन मला म्हणतात, "शेड गळनारच न्हाई म्हननारे लई बगितलेत म्या. पत्रा ठोकून जात्यात, नि मंग फोन उचलत न्हाईत." मी वैतागलो होतो. म्हणालो, "अहो, तुम्हाला सीए पाहिजे की गवंडी? दसरा तोंडावर आला. ते शेड दुसरा कोणीतरी बांधेल, आणि तुम्ही जन्मभर वर बघत बसा!" त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. मोटरसायकलवर माझ्या मागे बसून आले, आणि अख्ख्या रस्त्यात एकदाही त्यांनी वर बघितलं नाही. तेव्हा मला फार वाईट वाटलं.

तिसरं स्थळ माझ्या बायकोनं काढलं. अवसरी खुर्दची एक मुलगी नुकतीच सीए झाली होती, घराच्या पुढच्या खोलीतच तिनं ऑफिस थाटलं होतं. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, खाली पुस्तकं, टेबलावर लॅपटॉप, आणि वर, अहोभाग्य, उघडा पत्रा! साडू बसले आणि त्यांची नजर कोपऱ्यात खिळली. मी मनात म्हटलं, झालं. पण ती मुलगीच म्हणाली, "काका, तो कोपऱ्यातला पत्रा वाऱ्यानं उचलतो, मला माहीत आहे. आधी आपण तुमच्या कामाचं बोलू, मग त्याचं." साडूंनी दचकून मान खाली घेतली आणि चक्क तिच्या तोंडाकडे बघितलं. तिनं मग त्यांची उलटतपासणीच घेतली. घराचं आणि धंद्याचं खातं वेगळं आहे का? नाही. लोखंड घेताना पावती घेता का? नाही. अंदाजपत्रक कशावर देता? "मातीत," मीच सांगितलं, आणि कोंबड्यांचा किस्साही. ती हसली नाही. म्हणाली, "मग मातीत काढून झालं की मोबाईलवर त्याचा फोटो काढायचा आणि मला पाठवायचा. कोंबड्या यायच्या आत." शिवाय जीएसटीचा नंबर काढायला काय लागेल, आपण फी काय घेणार, काय करणार आणि काय अजिबात करणार नाही, हेही तिनं पहिल्याच बैठकीत स्वच्छ सांगून टाकलं.

साडूंनी घसा खाकरून आपला तो प्रश्न विचारला, "आन् माझं चुकलं तर, ताई?"

"चुकेलच की," ती म्हणाली. "नवीन आहे तुम्हाला. माझंही चुकेल एखाद्या वेळी. म्हणून दर महिन्याला मी स्वतः फोन करणार. तुम्ही बोलवा, नाहीतर नका बोलवू."

साडूंनी खुर्ची पुढे ओढली. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "साडूभाऊ, हिला कळतंय. शेड बांधून संपत न्हाई, हे हिला कळतंय." आणि दुसऱ्या मिनिटाला ते शिडी मागत होते. पत्रा त्यांनी आवळून दिला, पण पैसे घेईनात. ती फुकट काम घेईना. "गळतीचं पैसं घेत न्हाई आमी," "फुकट काम घेत नाही आम्ही," असा दोघांचा सामना रंगला. शेवटी तिच्या आईनं दोघांना दटावून चहा आणि थालीपीठ पुढे केलं, तेव्हा कुठे मिटलं.

दसऱ्याच्या आत जीएसटीचा नंबर आला आणि संक्रांतीच्या सुमारास शेड उभं राहिलं. मधे एकही खांब नाही. नारळ फुटल्यावर सगळी मंडळी पेढे खायला बाहेर गेली, आणि साडू आत बरोबर मधोमध जाऊन उताणे झोपले. मीही शेजारी आडवा झालो. वर आढ्यापाशी त्यांचा नंबर रंगवलेला होता, आणि त्याच्याखाली आणखी एक. "हा कुणाचा?" मी विचारलं. "आपल्या सीए ताईचा," ते म्हणाले. "गुडघा ऱ्हायला न्हाई आता साडूभाऊ. उद्या मी वर न्हाई चढलो, तर कुनाला तरी फोन लागाया पायजे ना?" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. उताण्या माणसाचं पाणी कानाकडे जातं, म्हणून ते त्यांना लपवता आलं नाही.

यंदाच्या वैशाखात मोठं वादळ झालं. साडूंचा गुडघा सुजलेला, माझ्या मेव्हणीनं मोटरसायकलची किल्ली डब्यात लपवलेली. त्या सकाळी निरगुडसरपासून नारायणगावापर्यंत लोकांचे फोन वाजू लागले. सीएच्या ऑफिसातून बोलतेय म्हटल्यावर भल्याभल्यांनी आधी आपल्या पावत्या शोधल्या म्हणतात. आणि पलीकडून अवसरीची ती मुलगी, साडूंनी दिलेली गिऱ्हाइकांची यादी पुढे घेऊन, विचारत होती, "काका विचारतायत, कुठं गळतंय का?"

मलाही फोन आला. माझं स्कूटरचं शेड ठणठणीत होतं, टिपूस आलं नव्हतं. पण साडू दोन महिने आमच्याकडे फिरकले नव्हते. मी म्हणालो, "हो, गळतंय की."

दुपारी ते भाच्याच्या रिक्षातून आले, काठी टेकत. शेडखाली मान वर करून उभे राहिले, या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश बघत गेले. मग त्यांनी मान खाली घेतली आणि माझ्या तोंडाकडे बघितलं.

"कोरडं हाये की ओ," ते म्हणाले.

"आहे ना. चला, चहा टाकलाय."

"बरं केलंत," ते म्हणाले, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून पायरी चढले.