कोषांना पाणी

ईश्वरदास पौनीकरचा हातमाग बंद पडला आणि साठीला टेकलेला हा विणकर आमच्या टसर रेशमाच्या बीजकेंद्रात राखणदार म्हणून लागला. मी तिथला कारकून. त्याचं काम म्हणाल तर काहीच न करण्याचं. कोषांच्या माळा टांगलेल्या, प्रत्येक कोषात एक जीव झोपलेला, पावसाळ्यापर्यंत त्यांना हात लावायचा नाही. गडचिरोलीकडच्या टसरवाल्यांचं वर्षभराचं बीज तेच. पण ज्याचा जन्म हात चालवण्यात गेला, त्याला नुसतं बसवून ठेवणं ही शिक्षाच हो.

मे महिन्यात कूलरही गरम वारा फेकू लागला. ईश्वरदास हळहळायचा, "मॅडम, हे सुकून राहिले न जी. पाणी मारू काय?"

चारुशीला मॅडम आमच्या प्रमुख. त्या म्हणाल्या, "काका, त्यांच्या रक्तात ट्रेहॅलोज नावाची साखर असते. ऊन असो, कोरड असो, ती त्यांना सांभाळते. ओल लागली तर पाऊस आला असं समजून पाखरं अवेळी बाहेर पडतील. या उन्हात त्यांच्या अळ्या जगायच्या नाहीत."

सगळं पालथ्या घड्यावर पाणी! उन्हाळ्यात मागावरच्या धाग्याला ओलं फडकं लावलं नाही तर तो तुटतो, हे त्याला बापानं शिकवलं होतं. साखरेचं कोणी सांगितलं नव्हतं. मॅडम घरी गेल्या की तो बादली घेऊन माळांवर पाणी शिंपडायचा. कंबर धरून, कण्हत, पण रोज.

मे सरायच्या आत पाखरं बाहेर पडली. तळहाताएवढी, देखणी. हे पाखरू काही खात नाही. अंडी घालतं आणि मरतं. अंड्यांतून अळ्या निघाल्या आणि दोन दिवसांत वाळून गेल्या. मॅडम ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या खुर्चीत बसून रडल्या. ईश्वरदास झाडू घेऊन मेलेल्या अळ्या गोळा करत राहिला. मला त्याचा राग आला होता आणि त्याच्याकडे बघवतही नव्हतं.

छताजवळच्या काही माळा मात्र तशाच बंद होत्या. पावसाळा लागल्यावर त्यांतून धडधाकट पाखरं निघाली आणि थोडंतरी बीज हाती लागलं.

"यांना पाणी काहून नाही मारलं गा?" मी विचारलं.

ईश्वरदास भिंतीला टेकून खाली बसला.

"शिडी चढवत नव्हती जी मले," तो म्हणाला. "मी थकलो, म्हून हे वाचले."