गप्प झालेला माग

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते कुसुमबाई पाटील यांचे. गोडादऱ्याच्या कामगारवस्तीतल्या आमच्या मराठी शाळेत त्या चौथीला शिकवत. वर्गात कितीही गोंधळ असला तरी डस्टर आपटत नसत. दारात उभ्या राहून म्हणत, "ओरडतो तो ठीकच असतो रे. गप्प कोण आहे ते सांगा."

गप्प मी असायचो. तोंड उघडे, डोळे तारवटलेले, दुसऱ्या तासाला बाकावर डोके. मुले मला कुंभकर्ण म्हणत. कापडाच्या कारखान्यात माग चालवणाऱ्या माझ्या वडिलांनी, अण्णांनी, तर ठरवूनच टाकले होते, "याना डोकामा काही शिरत नही. कारखानामा बॉबिन भरी."

एकदा मी असाच झोपलो, तर बाईंनी उठवले नाही. सगळ्या वर्गाला तोंडावर बोट ठेवायला लावले आणि माझ्या शेजारी बसून नुसत्या ऐकत राहिल्या. मुलांनी मला नंतर सांगितले.

त्याच संध्याकाळी त्या घरी आल्या. अण्णा हसले. "पोऱ्या घोरस बाई, म्हणजे गाढ झोपस."

"आणि घोरता घोरता मध्येच गप्प होतो, तेव्हा?"

"तवय त आजूनच गाढ!"

"भाऊ, चालता माग मध्येच गप्प झाला तर?"

"धागा तुटेल ऱ्हास. पयत जास मी."

"मग याच्याकडे का नाही पळालात?"

अण्णांनी हातातला चहा खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी कामावर खाडा करून ते मला सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. बाई सोबत होत्या. डॉक्टरांनी नाकात दुर्बीण घालून पाहिले. दोन्हीकडे सोललेल्या द्राक्षांसारख्या मऊ गाठी, पॉलिप, वाढल्या होत्या. झोपेत श्वास अडे, शरीर दचकून जागे होई, म्हणून दिवसा डोळे मिटत. आधी औषधे झाली, मग ऑपरेशन.

काही आठवड्यांनी बाई बाकाजवळून गेल्या आणि मला पहिल्यांदाच खोबरेलाचा वास आला. मी ओरडलो, "बाई, तुम्हाला वास येतो!" वर्ग खदखदून हसला. बाई डोळे पुसत म्हणाल्या, "येऊ दे रे राजा, येऊ दे."

कुणी नुसते ऐकून एवढे ओळखू शकते, याचे नवल माझ्या मनातून अजून गेलेले नाही.

निवृत्तीनंतर बाई अमळनेरला गेल्या. माझा निकाल लागला तेव्हा मी त्यांना लिहिले:

"तीर्थस्वरूप बाईंना साष्टांग नमस्कार. बी.एस्सी. झालो. आमच्या घरात पहिलाच. आता घोरत नाही. मी झोपलो की घरात आवाजच नसतो, म्हणून अण्णा पाळीवरून आले की आधी माझ्या नाकापुढे हात धरतात. कधी कधी मी जागा असतो. डोळे उघडत नाही, श्वास तेवढा मोठा घेतो."