वीतभर दांडा

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. पिंपळगाव राजाच्या वाटेवरच्या एका सरकारी शेतावर मी अवजारांचे नकाशे काढायचो आणि ती तिथं रोजानं निंदणाला यायची. नवं अवजार हाती आलं की ती आधी ते अंगाला लावून उभं करायची, वाढत्या लेकीची उंची पाहावी तसं. मग त्याच्याशीच बोलायची, "जड हायेस वं बाई तू." माणसांशी बोलतानाही तिची नजर हातातल्या अवजारावरच असायची.

त्या साली शेतावरच्या साहेबांसकट आम्ही चौघा पुरुषांनी, बायांना उभ्यानं निंदता यावं म्हणून, लांब दांड्याचं हातकोळपं तयार केलं. मापं आमच्याच अंगावरून घेतली. ते ओढताना तिचे खांदे कानांपर्यंत चढायचे. दोन दिवस तिनं ते तसंच ओढलं. तिसऱ्या दिवशी सुताराकडून दांडा वीतभर कापूनच घेऊन आली.

साहेब भडकले. "कुणाला विचारून कापलंस?"

ती दांड्याकडे पाहत म्हणाली, "साहेब, याचं माप घेतलं तव्हा मले कोनं इचारलं होतं?"

 त्या दिवशी बाकीच्या बाया आळीपाळीनं तेच कोळपं मागत राहिल्या.

नकाशा मी नव्यानं काढला, वीतभर आखूड दांड्याचा. खाली तयार करणारे म्हणून आम्हा चौघांची नावं लिहिली. पाचव्या नावापुरती जागा उरली होती. ती खिडकीबाहेरच निंदत होती. तिचं नाव मला ठाऊक नव्हतं, आणि ते विचारायला मी खुर्चीवरून उठलो नाही.